रिकाम्या डब्यांचा हिवाळा

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बाजारात मटार उतरला की हिवाळा आला असं आम्ही धरतो. स्वेटर त्यानंतर निघतात. डिसेंबरच्या सकाळी धुकं अजून रस्त्यावर बसलेलं असतं आणि हातगाड्यांवर शेंगांचे ओले, थंडगार ढीग. हात घातला की बोटं गारठतात. आमच्याकडचा मटार गोड. शेंग दाबली की टक् करून उघडते आणि पहिले दाणे भांड्यात न पडता तोंडात जातात. याला जबलपुरात कोणी खाणं म्हणत नाही.

परवा पाच किलो आणला. सोलून, वाफवून, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा, कारण फेब्रुवारीत मुलीचं लग्न आहे आणि पाहुणे आठवडाभर आधीच येणार. या लग्नाच्या माझ्याकडे सात याद्या आहेत. आठवी माझी एकटीची, ती फ्रीजच्या दारावर लावली आहे: फेब्रुवारीपर्यंत सहा किलो कमी. सकाळी कोमट पाणी, चाळीस मिनिटं चालणं, दुपारी दीड पोळी, संध्याकाळी सातनंतर काही नाही. यादी चांगली आहे. मी केलेली यादी सहसा चांगलीच असते. फक्त हॉलवाल्याचा फोन आला तर काय करायचं, ते तिच्यात लिहिलेलं नाही.

तो फोन मी गच्चीवर उन्हात शेंगा सोलत बसले असताना आला. वरच्या मजल्याच्या खोल्या चुकून दुसऱ्या पार्टीला दिल्या गेल्या होत्या. मी आवाज चढवला नाही. शांतपणे बोलले, तोडगा काढला, फोन ठेवला आणि पातेल्यात पाहिलं. सालींचा ढीग गुडघ्याएवढा, आणि दाणे मात्र तळाशी.

मुलगी शेजारीच होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती हिंदीकडे घसरते.

"मम्मी, तू फोनवर बोलता-बोलता आधा मटर खा गई. टेन्शनमध्ये तू खाते. वजन ऐसे कैसे कम होगा?"

"कच्चा मटार आहे तो," मी म्हटलं.

"अच्छा. और कल शाम का फरसाण? वो भी कच्चा था?"

मी पुढची शेंग उचलली. ऊन पाठीवर होतं, पेंग यावी इतकं ऊबदार. सालींचा हिरवा, जरासा मातकट वास आला आणि मला आईची पाठ आठवली. चेहरा नव्हे, पाठ. डब्यांच्या मांडणीकडे तोंड करून उभी, उभ्याउभ्याच काहीतरी खाणारी, आणि कोणाची चाहूल लागली की पदराने ओठ पुसून वळणारी.

एकाहत्तरचा हिवाळा होता तो. मी अकरा वर्षांची होते. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा ज्या सेक्शनमध्ये होते तिथे तोफगोळ्यांत बारूद भरायचं काम चाले. त्या पिवळ्या बारुदाला सगळे नुसतं 'पावडर' म्हणत. आम्ही पोरंसुद्धा 'पावडर' म्हणत असू, आणि त्या शब्दाबरोबर आवाज आपोआप खाली यायचा.

पिवळा रंग. त्या ऋतूचं काही एक सांगायचं तर तो रंग सांगावा लागेल. बाबांच्या नखांच्या कडा पिवळ्या, कानशिलावरचे केस पिवळसर, उशीचा अभ्रा कितीही उकळला तरी पिवळा. हळदीचा पिवळा आनंदी असतो. हा तसा नव्हता, तो जुन्या वर्तमानपत्रासारखा होता. दोरीवर बाबांचे कपडे वाळत असले की हिवाळ्याच्या उन्हात ते वाऱ्याने हलायचे आणि मला वाटायचं, बाबा आहेत, पण आत कोणी नाही.

पहाटे भोंगा व्हायचा. मग रस्ताभर सायकलींच्या चेनचा आवाज, धुक्यातून जाणारे शेकडो मफलर, एखादी घंटी. गेटवर काडेपेटी, विडी, किल्ल्या, सगळं काढून ठेवायचं. बाबा लग्नातली अंगठीही घरी ठेवून जात. ती देवघरात एका वाटीत असायची. आत खिसे नसलेले कपडे, खिळे नसलेले बूट. लोखंडाला लोखंड लागून ठिणगी नको म्हणून. डबा सेक्शनपासून दूर, कँटीनच्या शेडमध्ये ठेवायचा आणि दुपारी हात दोनदा साबणाने धुऊन तिथेच खायचा. सेक्शनच्या लोकांना फॅक्टरीकडून रोज दूध आणि गूळ मिळे. पावडरीवर उतारा म्हणून, असं सगळे म्हणत. खरंखोटं माहीत नाही. बाबा दूध पिऊन येत एवढं खरं.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन. सेक्शनच्या प्रत्येक माणसाला काट्यावर उभं करून त्याच्या कार्डावर आकडा लिहायचे. पावडर अंगात भिनू लागली की माणूस आधी वाळतो, मग त्याचे डोळे पिवळे होतात, असं म्हणत. म्हणून बाबांच्या सेक्शनमध्ये नियम होता: माणूस नीट जेवत असूनही लागोपाठ तीन महिने वजन उतरलं की त्याला तिथून काढायचं, मोठ्या दवाखान्यात तपासायचं आणि मग दुसरीकडे, साध्या कामावर टाकायचं.

बाबा आकडा घरी येऊन सांगत. मी तो भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवी. सांगितलं नव्हतं कोणी. मला आकडे एका खाली एक लिहिलेले बघायला आवडत, अजून आवडतात.

त्याच पानावर दुसरी रांग आईची होती. तिचं वजन उतरायला हवं होतं, असं डॉक्टरांनी त्या पावसाळ्यात सांगितलं होतं. चक्कर यायची तिला, रक्तदाब वाढलेला होता. तिने मनावर घेतलं. रात्रीचा भात बंद, चहात साखर अर्धी, सोमवारचा उपास, आणि संध्याकाळी मला घेऊन क्वार्टरांच्या शेवटापर्यंत दोन फेऱ्या. वजन करायला आम्ही कोळशाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, जायचो. तिथे जमिनीलगतचा मोठा काटा होता. टालवाला दगडी वजनं चढवत म्हणायचा, "आओ बहनजी, लकड़ी चढ़ती है, कोयला चढ़ता है, आप भी चढ़ो. शर्माना क्या." आई नाकाला पदर लावून काळ्या भुकटीत जपून पाय ठेवायची. नवरात्रापर्यंत तिने साडेतीन किलो उतरवले होते. माझ्या वहीत ते आकडे पायऱ्यांसारखे दिसत.

मग दोन्ही रांगा बिघडल्या.

उन्हाळ्यापासूनच लढाई होणार होणार असं चाललं होतं. दसऱ्यानंतर फॅक्टरीत दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. जादा काम धरून बाबा बारा-बारा तास जाऊ लागले. खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला. संध्याकाळी दिव्याभोवती पुठ्ठ्याची नळी बांधली की उजेडाचं एक लहानसं गोल तेवढं जमिनीवर पडायचं. त्या गोलात ताट असायचं, बाबांचे हात असायचे, आणि चेहरे सगळे बाहेर, अंधारात. मला ते आवडायचं, हे सांगायला आज संकोच वाटतो. घर म्हणजे एक गोल, आणि आत आमची तीन ताटं. खरं तर दोन. आई नंतर जेवायची, तेव्हा तसंच होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी बाबांचं वजन दोन किलोने उतरलं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी आणखी अडीच. डॉक्टरांनी विचारलं, भूक लगती है? बाबा म्हणाले, लगती है. खाना खाते हो? बाबा म्हणाले, डब्बा पूरा खाली करता हूँ साहब. डॉक्टरांनी कार्डावर लाल खूण केली.

डबा खरोखर रिकामा यायचा. तीन कप्प्यांचा पितळी डबा. आई तो उघडायची, प्रत्येक कप्पा उजेडाकडे धरून बघायची. भरल्या वांग्यांचं तेल तेवढं कडेला, एखादा शेंगदाण्याचा तुकडा. रात्रीच्या ताटात बाबा थोडं खात, म्हणत, दुपारी खूप झालं. आई डबा घासत बसायची आणि मला हिशोब स्पष्ट दिसायचा: पोटात अन्न जातंय, अंगाला लागत नाही. म्हणजे पावडर.

तेव्हापासून आई मांडणीपुढे उभी राहू लागली. दिवाळीचा चिवडा संपला, मग गूळ-फुटाणे, मग गार पोळीला लोणच्याचा खार. मटार आला तसा मटार. ताटावर बसली की दीड पोळी, अगदी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. उपासही सोडला नाही. पण भोंगा जरा उशिरा झाला, लांबून काही धप्प वाजलं, शेजारचा कोणी सायकलवरून घाईने गेला, की तिचा हात डब्यात. तिला चव लागत नसावी. एकदा मी पाहिलं, ती कच्चे पोहे खात होती, कोरडे, मूठमूठ, आणि डोळे खिडकीच्या काळ्या कागदावर, जणू त्यातून पलीकडचं दिसत होतं.

टालीवर आता दगडी वजनं वाढवावी लागत. "बहनजी, सर्दी का असर है," टालवाला सभ्यपणे म्हणायचा.

आणि मी वही काढून बसायची. बाबांचा आकडा आणि आईचा आकडा. सहज एकदा बेरीज केली. मग मागच्या महिन्याची केली. बेरीज जवळजवळ तीच येत होती. एकदा दीड किलोचा फरक आला, तो मी कोळशाच्या काट्यावर ढकलला. मला पक्कं वाटलं की आमच्या घरात एकूण वजन ठरलेलं आहे आणि ते बाबांकडून आईकडे चाललं आहे. भिंतीतून, झोपेत, कसंही. मी देवाला सांगायची की ते परत पाठव. आईला विचारण्याचं धाडस नव्हतं. एकदाच म्हटलं, "आई, तू खाणं कमी कर ना, म्हणजे बाबांना उरेल." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पोरी, काय बोलून राहिली तू," आणि बाहेर गेली. ते माझं वाक्य, आज मी साठी ओलांडली तरी, आठवलं की कान गरम होतात.

आज मला कळतं की वजनाच्या वह्या खोटं बोलत नाहीत, त्या फक्त अर्धं बोलतात. माझी फ्रीजवरची यादीसुद्धा अर्धीच आहे. काय खायचं ते तिला माहीत आहे. खाणारी त्या वेळी कुठे असते, ते तिला माहीत नाही. हॉलवाल्याशी बोलताना मी गच्चीवर नव्हते. मी फेब्रुवारीत होते, खोल्या कमी पडल्या आहेत, व्याही दारात उभे आहेत, अशा एका दुपारी. हात मात्र इथे होते, आणि मोकळे होते.

लढाई डिसेंबरात आली आणि दोन आठवड्यांत संपलीसुद्धा. रेडिओवर बातमी लागली त्या संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्याची नळी काढून टाकली आणि खोली एकदम मोठी झाली, कोपऱ्यांसकट. शहरात बडा फुहाऱ्याच्या चौकात लोक गुलाल उधळत नाचले म्हणे. फॅक्टरी मात्र थांबली नाही. रिकामी झालेली कोठारं पुन्हा भरायची होती. भोंगा तसाच, पाळ्या तशाच. आई म्हणाली, "संपली ना लढाई? मग हे काहून जाऊन राहिले अजून?"

त्यानंतरच्या रविवारी तिवारीजी आले. बाबांच्याच सेक्शनमधले, बाबांच्या शेजारी उभं राहून काम करणारे. उंच, मिशाळ, आवाज खणखणीत. त्यांची बायको बाळंतपणाला दसऱ्याआधीच गावी गेली होती. आता मुलगी झाल्याचं पत्र आलं होतं, म्हणून बडा फुहाऱ्यावरून खव्याची जिलबी घेऊन आले. काळी, जाड, पाकाने जड झालेली. बाबा नळावर पाणी भरायला गेले होते. आईने पाट दिला, मटार घालून पोहे केले.

तिवारीजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "भाभीजी, एक बात कहूँ. लड़की की माँ लौटेगी तो उससे कहूँगा, पुजारीजी के घर जाके वो बैंगन सीख के आ. मूंगफलीवाला." आमचं आडनाव देवपुजारी. ते त्यांच्या तोंडी पुजारीजी झालं होतं.

"आपने कब खाया बैंगन?" आईने सहज विचारलं.

"लो. ढाई महीने से और क्या खा रहे हैं. आपका ही नमक है शरीर में." त्यांनी पोटावर थाप मारली. "पुजारीजी तो डब्बा खोलते हैं और मेरी तरफ सरका देते हैं. कहते हैं, खाओ महाराज, मेरा पेट भरा है. मैं कहता हूँ दो कौर तो लो. नहीं."

आईच्या हातात पोह्यांचं पातेलं होतं, ते तिने अगदी सावकाश खाली ठेवलं.

तिवारीजींच्या तेव्हा ध्यानात आलं. मिशीवरून हात फिरवला, आवाज खाली आणला. "आपको नहीं मालूम था." मग बराच वेळ ते ताटातले पोहे गोळा करत राहिले. "अब बात निकली है तो कह दूँ, बुरा मत मानना. परसों उनका हाथ काँप गया था. भरते समय. मैंने नीचे से थाम लिया, किसी ने देखा नहीं. खाली पेट है भाभीजी, और कुछ नहीं. आप कहिए उनसे. मेरी तो सुनते नहीं."

बाबा बादल्या घेऊन आले. जिलबीबद्दल, बाळाबद्दल बोलणं झालं. तिवारीजी निघताना आईने त्यांना नेहमीसारखं "आते रहिए" म्हटलं. दार लागलं. मी भूगोलाची वही उघडून भूगोल वाचत असल्यासारखी बसले.

"केव्हापासून?" आईने विचारलं.

"दसऱ्यापासून."

"काहून?"

बाबा भिंतीला टेकून बसले. "घास उतरत नाही खाली. दूध तेवढं जातं. डबा उघडला की घराचा वास येतो, तुझ्या हाताचा, आणि मग मला आत परत जायची भीती वाटते. बंद असला तर नाही वाटत."

"मग तसाच परत आणायचा."

"तू चिंता करत बसली असती."

"आणि आता काय करून राहिले होते मी?" आईचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. "मी समजले पावडर लागली तुम्हाला. अडीच महिने मी तुमचे डोळे बघून राहिले रोज सकाळी, पिवळे झाले का म्हणून. डॉक्टरलाही तेच सांगितलं तुम्ही?"

"काय सांगू? तिकडे पोरं बर्फात उभी, आणि मी इथे घाबरून जेवत नाही, हे सांगू?"

आईने तिवारीजींचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग आईने मला विचारलं, "पहिला सोमवार केव्हा आहे?"

मी मोजलं. "पंधरा दिवसांनी."

आता तिच्या मनात काय चाललं होतं ते मी अकरा वर्षांची असूनही ओळखलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. दोन महिने वजन उतरलेलं. तिसऱ्यांदा उतरलं की बाबा त्या सेक्शनमधून सुटणार. साधं काम, स्वच्छ कपडे, देवघरातली अंगठी पुन्हा बोटात. कोणी काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प राहायचं, डबे भरून पाठवायचे, आणि तिवारीजींनी ते खायचे. पंधरा दिवस.

बाबांनाही ते कळलं असणार. ते आईकडे बघत होते, ती काय म्हणते याची वाट बघत असल्यासारखे.

आई उठली. शेगडीत कोळसे घातले, पंख्याने वारा घालत बसली. बरीच वर्षं मला वाटायचं की नेमकं त्या वेळी तिला काही सुचलं नाही, सवयीने उठली. माझं लग्न झाल्यावर एकदा मी तिला विचारलंच. पंधरा दिवस गप्प बसली असतीस तर? ती उशांना अभ्रे घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते पंधरा दिवस त्याच हातांनी काढायचे होते ना त्यांना. रोज. तिवारीजी किती वेळा धरतील खालून?"

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. पहाटे, भोंग्याच्या आधी, आई दोन ताटं घ्यायची. एक बाबांचं, एक तिचं. आमच्याकडे बायका पुरुषांबरोबर जेवत नसत, आणि पहाटे साडेचारला तर कोणीच जेवत नसे. ती समोर बसायची. पहिल्या दिवशी अर्धी पोळी आणि साधं वरण, एवढंच. खा म्हणायची नाही. ताटाकडे बघायचीही नाही. कोळसा ओला आला आहे, मांजरीने पिल्लं कुठे घातली, टालवाल्याने काय म्हटलं, असलं काहीबाही बोलत राहायची, आणि ऐकता ऐकता बाबांचा हात ताटाकडे जायचा. मी पांघरुणातून बघायची. शेगडीचा लाल उजेड दोघांच्या गुडघ्यांवर. बाहेर धुकं इतकं दाट की खिडकीला पुन्हा कोणी कागद लावलाय असं वाटावं. चौथ्या दिवशी एक पोळी झाली. आठव्या दिवशी बाबांनी मटारची उसळ मागून घेतली.

मांडणीपुढे आई दिसेनाशी झाली. तिने ते ठरवून सोडलं असं मला वाटत नाही. तिचं जेवण झालेलं असायचं, बसून, कोणाच्या तरी सोबतीने. भोंगा झाला की ती अजूनही दचकायची. पण मग दाराशी जाऊन उभी राहायची आणि सायकली मोजायची. संक्रांतीनंतर कोळशाच्या काट्यावर तिचा आकडा जरासा खाली आला. टालवाला म्हणाला, "सर्दी जा रही है बहनजी."

मी बेरीज करणं सोडून दिलं होतं.

काल मुलगी म्हणाली, "मम्मी, हॉलवाले का फोन मैं उठाऊँगी अब से. तू जेवून घे पहले." मी म्हटलं, "तूही बस मग." ती बसली. लग्नाच्या धास्तीने तीही हल्ली नुसती कॉफी पिऊन राहते, हे मला काल दिसलं. सात याद्या करणाऱ्या बाईला महिनाभर दिसलं नव्हतं. वजनाचं काय होईल ते फेब्रुवारीत बघू.

जानेवारीचा तो सोमवार. मी शाळेतून आले तेव्हा आई अंगणात उन्हात उभी होती, हातात काहीच नाही. त्या दिवशी जादा काम नव्हतं, बाबांची पाळी दुपारी सुटली. ते सायकल हातात धरून आले. चालत, जरा सावकाश.

"किती?" आईने विचारलं.

"दीड किलो वर."

"मग?"

"मग काय. डॉक्टरांनी लाल खुणेवर काट मारली. आता तिथेच, त्याच सेक्शनमध्ये." ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. "दोन्ही हात पुढे करायला सांगितले त्यांनी. एकदम स्थिर होते."

आईने मान हलवली. आत गेली, पाणी ठेवलं, ताटं घेतली. दुपारचे तीन वाजले होते, ती आमच्यासाठी थांबलेली होती. बाबा हात धुऊन बसले, मी बसले, आई समोर बसली. तिने वरणात भात कालवला. कालवत राहिली. घास केला, तो पुन्हा ताटात सोडला. त्या हिवाळ्यात मी तिला कच्चे पोहे खाताना पाहिलं होतं, गूळ खाताना, काहीही खाताना पाहिलं होतं. पण त्या दुपारी तिच्याच्याने एक घास उचलवत नव्हता.

बाबांनी आपला घास तोंडाजवळून खाली आणला. मग अंगणाकडे बघत, अगदी तिच्याच पहाटेच्या आवाजात सांगू लागले की तिवारीजींनी मुलीचं नाव काय ठेवायचं ठरवलंय, आणि त्यांच्या आईला ते कसं मुळीच पसंत नाही, आणि पत्रांतून कसं भांडण चाललंय. खूप वेळ सांगत होते. वरण गार झालं. आईचा हात, हळूहळू, ताटाकडे गेला.